ट्रॅक्टरने ओढायचा गवत-दंताळ्याचा गाडा : जोडणी आणि वापरातील सुरक्षितता

मळेकरी

कापलेले गवत ओळीत ओढणारी दातांची चाके, ती चाके धरणारे दोन लांब बाहू आणि या सगळ्याचा भार पेलणारा दोन टायरांचा गाडा, असे हे यंत्र आहे. त्याला पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा, फिरता शाफ्ट लागत नाही. दातांची चाके जमिनीला व गवताला टेकली की ओढल्यामुळेच फिरतात. एवढ्यावरून पुष्कळ जण त्याला निरुपद्रवी समजतात आणि नांगर किंवा बेलरच्या (गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत जी काळजी घेतात ती येथे घेत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की या गाड्याचा धोका फिरण्यात कमी आणि उचलून धरलेल्या वजनात अधिक आहे. बाहू वर असतो, स्प्रिंग ताणलेली असते, नळीत तेल दाबाखाली असते, आणि इंजिन बंद केल्याने यांपैकी काहीही आपोआप निवळत नाही. म्हणूनच शेतात जाण्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे सुट्या भागांची जोडणी, ट्रॅक्टरला जोडणे आणि बाहूंची घडी घालणे यांवर हा धागा काढत आहे.

जोडणीची जागा सपाट आणि टणक असावी. मऊ मातीत जॅकचा तळ एका बाजूने खचतो आणि मधली मुख्य तुळई तिरकी होऊन घसरते. आधारासाठी घोडे (भार पेलणाऱ्या तिवया) किंवा एकमेकांवर आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ठोकळे वापरावेत. पोकळ सिमेंटचे ब्लॉक मात्र कधीही वापरू नयेत, कारण लाकूड दबताना करकरते आणि सूचना देते, तर पोकळ ब्लॉक कोणतीही सूचना न देता एकदम फुटतो. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. उचलून झाल्यावर भार घोड्यांवर आला पाहिजे, आणि तो आल्याशिवाय कोणीही तुळईखाली हात किंवा पाय घालू नये. लोडरने तुळई उचलायची असेल तर पट्टा कुठे बांधायचा हे पुस्तिकेत दाखवलेले असते. टांगलेली तुळई वळवायची असल्यास टोकाला दोरी बांधून लांबून वळवावी, हाताने धरून नव्हे.

गाड्याची टायरे बसवल्यानंतर चाकांच्या मागे-पुढे पाचरी लावूनच पुढचे काम सुरू करावे. भोके जुळत आहेत की नाही हे बोटाने चाचपण्याची सवय फार जुनी आणि फार वाईट आहे. दोन पत्रे किंवा दोन कान एकमेकांवर सरकले तर कात्रीसारखे चालतात. भोक जुळवायला निमुळती सळई वापरावी आणि ती सळई आरपार गेली की शेजारच्या भोकात बोल्ट टाकावा. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवून ठेवावेत, सांगाडा चौकोनात आला आहे हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे आणि मगच ते शेवटचे आवळावेत. पहिलाच कोपरा पक्का आवळून टाकला तर शेवटच्या कोपऱ्यात भोके जुळत नाहीत, आणि मग घणाने ठोकून बोल्ट घालण्याचा मोह होतो. असा ठोकलेला बोल्ट पुढे कामात तुटतो.

ग्रीस, टायरची हवा, रंग हे सर्व पुस्तिकेत स्पष्ट असते, त्यामुळे त्यावर येथे लिहीत नाही. बाहू, तेल आणि ट्रॅक्टरला जोडायचा दांडा यांच्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे असे मला वाटते. जाणकारांनी भर घालावी.

ओळीचा_माणूस

धागा वेळेवर आला, कारण आमच्याकडे असाच गाडा नुकताच सुट्या भागांत आला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. बोल्ट किती आवळायचे यासाठी टॉर्क पाना खरोखर लागतो का, की नेहमीचा लांब पाना आणि अंदाज पुरेसा आहे? आणि दुसरे असे की, अशाच एका जुन्या गाड्यावर लिव्हर ओढल्यावर डावा बाहू आधी पूर्ण वर जातो आणि मगच उजवा हलतो असे पाहिले. तो बिघाड समजावा का?

पाना_पक्कड

ओळीचा_माणूस, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की अंदाज लहान बोल्टवर जास्त आणि मोठ्या बोल्टवर कमी पडतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. कोरड्या आणि स्वच्छ आट्यांच्या ८.८ दर्जाच्या १२ मिलिमीटर बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर लागतात, तर १६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २०० लागतात. म्हणजे जाडी जेमतेम एक तृतीयांशाने वाढली तरी आवळण अडीच पटींनी वाढते, आणि हाताचा अंदाज येथेच चुकतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलेले असेल तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही लक्षात ठेवावे. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. इंची बोल्टच्या डोक्यावर आकडे नसून रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. निघालेल्या बोल्टच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट घालणे म्हणजे नेमक्या त्याच जोडावर दुबळी कडी बसवणे होय.

यू-बोल्टच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी दोन्ही पायांवर नटाबाहेर सारख्याच आट्या दिसल्या पाहिजेत. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला सात आट्या दिसत असतील तर यू-बोल्ट तिरका बसला आहे, मग टॉर्क पान्याने कितीही अचूक आकडा दाखवलेला असो. टायरचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की नवे घालावेत. पहिल्या तासाभराच्या कामानंतर थांबून सर्व जोड पुन्हा तपासावेत, आणि १० तासांनी आणखी एकदा तपासावेत, कारण नवा रंग जोडातून दबून जातो आणि तेवढ्यानेच बोल्ट सैल होतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल असे की, बाहू उचलणारे दोन सिलिंडर एकाच नळीवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडलेले असतील तर तेल आधी हलक्या बाजूकडे जाते. एका बाजूची चाके गवतात अडकलेली असली, किंवा एका बिजागरीला ग्रीस कमी असले, तरी दुसरी बाजू आधी उचलली जाते. हा बिघाड नव्हे. बिघाड तेव्हा समजावा, जेव्हा लिव्हर मध्यात असूनही वर गेलेला बाहू हळूहळू खाली उतरू लागतो, कारण तेव्हा सिलिंडरच्या पिस्टनची सील किंवा ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह तेल गळू देत असतो. आणि बाहू हळूहळू नव्हे तर एकदम धाडकन खाली येत असेल, तर त्याची दोन कारणे असतात आणि दोन्ही जोडणीतच घडतात.

पहिले कारण हवा. नवा सिलिंडर रिकामा असतो. त्याचा दट्ट्या (आत-बाहेर सरकणारी दांडी) बाहूला जोडून मग तेल सोडले, तर उतरताना समोरच्या बाजूची हवा कोणताही विरोध करत नाही आणि बाहू मोकळा पडतो. म्हणून दुहेरी काम करणाऱ्या सिलिंडरचा दट्ट्या बाहूला न जोडता, कशालाही न लागेल असा बाजूला आधार देऊन ठेवावा, लिव्हरने तो काही वेळा पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत न्यावा, ट्रॅक्टरमधील तेलाची पातळी पाहून कमी झाली असल्यास भरावी, आणि मगच पिन घालून बाहू जोडावा. दुसरे कारण रोधक. सिलिंडरच्या तोंडाशी, कोपरजोडाच्या आत, नाण्यापेक्षा लहान धातूची चकती असते आणि तिच्या मधोमध सुईएवढे भोक असते. उतरताना तेल त्याच भोकातून परतते म्हणून बाहू सावकाश येतो. ही चकती सुट्या भागांच्या पुडीतून घरंगळते किंवा वॉशर समजून बाजूला ठेवली जाते, आणि यंत्र तिच्याविनाही जोडले जाते, चालतेही. ती बसवली आहे की नाही हे जोड बंद करण्याआधी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे.

मळेकरी

आभार. चकतीबद्दल मी लिहिणारच होतो, पण इतके नेमके लिहू शकलो नसतो. तेलाबद्दल आणखी एक गोष्ट मात्र अगदी ठळकपणे मांडायला हवी. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या नळ्यांत सामान्यतः १५० ते २०० बार इतका दाब असतो. नळीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल तर त्यातून निघणारी धार डोळ्याला दिसतही नाही, आणि ती कातडीतून आत शिरते. गळती शोधताना हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा लांब तुकडा फिरवावा, डोळ्यांवर गॉगल असावा. अशी धार हाताला लागलीच, तर वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आतले तेल मात्र काही तासांतच पेशी मारू लागते. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालील हायड्रॉलिक तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण नुसत्या जखमेवरून ते कळत नाही.

नळी काढण्यापूर्वी बाहू जमिनीवर टेकवून किंवा लॉकपिनवर (वर उचललेला बाहू अडकवून ठेवणाऱ्या पिनेवर) टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही दिशांना हलवून दाब सोडावा. कपलिंग (नळीचा ट्रॅक्टरकडील जोड) हाताने निघत नसेल तर बहुतेक वेळा आत दाब उरलेला असतो; हातोडा घेण्याआधी त्याचा विचार करावा.

खळगा

सर्वांचे म्हणणे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. सिलिंडरला कुलूप-व्हॉल्व्ह असतो, तो तेल अडवून ठेवतो. मग शेतातून शेतात जाताना प्रत्येक वेळी खाली उतरून यांत्रिक लॉकपिन घाला आणि पुन्हा उतरून काढा, हा वेळेचा अपव्यय नाही का? ढग भरून आले आणि गवत आडवे पडलेले असले की एकेक मिनिट मोलाचे असते. दिवसभरात वीस वेळा ट्रॅक्टरवरून चढउतार करण्यातही पाय घसरण्याचा धोका असतोच.

पाना_पक्कड

खळगा, चढउतारात पाय घसरतो हे मान्य आहे, आणि एकाच शेतात एका कडेकडून दुसरीकडे जाताना मीही पिन घालत नाही. पण रस्त्यावर जाणे आणि बाहूखाली किंवा बाहूजवळ उभे राहून काम करणे या दोन प्रसंगी पिनेला पर्याय नाही. व्हॉल्व्ह तेल अडवतो, पण व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधली नळी फुटली तर तो काहीही अडवू शकत नाही, आणि अनेक गाड्यांवर तो व्हॉल्व्ह सिलिंडरवर नसून लांब, नळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. आपला व्हॉल्व्ह कुठे आहे हे एकदा पाहून घ्यावे. रस्त्यावर धक्क्याने बाहू उघडला तर तो थेट समोरून येणाऱ्याच्या मार्गात जातो; त्यात आपले काही जात नाही, त्याचे जाते.

पिन घातल्यावर लिव्हर किंचित उतरवून बाहूचा भार पिनेवर घ्यावा. पिनेला मागून आर-पिन किंवा चिमटी असावी. तारेचा तुकडा वळून घातलेला असेल तर तो धक्क्याने निघतो.

खळगा

व्हॉल्व्ह लांब असतो हे लक्षात आले नव्हते. आमच्या गाड्यावर तो नळीच्या ट्रॅक्टरकडील टोकालाच आहे. हा मुद्दा मान्य.

कुरणवाट

दांड्याचा विषय अद्याप कोणी घेतला नाही, आणि माझ्या मते तेथेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ट्रॅक्टरला जोडताना आणि सोडताना दोन बाबी ध्यानात घ्याव्यात.

पहिली म्हणजे वजनाची दिशा. बाहू पसरलेले असताना आणि बाहू घडी घालून मागे झुकवलेले असताना गाड्याचा गुरुत्वमध्य एकाच ठिकाणी नसतो. घडी घातल्यावर वजन आसाच्या मागे गेले तर दांड्यावरचा भार नाहीसा होतो, किंवा दांडा उलट वर उचलू पाहतो. अशा वेळी हिचपिन (दांडा ट्रॅक्टरला अडकवणारी पिन) काढली की दांडा एकदम वर उसळतो, आणि ती पिन काढणारा माणूस नेमका त्याच्यावर वाकलेला असतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीतच, बहुधा बाहू खाली उतरवून, दांड्याचा जॅक लावूनच पिन काढावी. पिन काढण्याआधी ती हाताने फिरवून पाहावी. सहज फिरत असेल तर दांड्यावर भार वर-खाली कोठेही नाही असे समजावे. अडकत असेल तर जॅक वर किंवा खाली करून ती मोकळी करावी.

दुसरी म्हणजे माणसाची जागा. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि दांडा यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. खुणा करणाऱ्याने बाजूला, चालकाला दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. ट्रॅक्टर थांबला, ब्रेक लावला, इंजिन बंद झाले आणि चालक खाली उतरला की मगच पिन घालायला मध्ये जावे. दांड्याला आवश्यक ती उंची जॅकने द्यावी, दोघांनी उचलून नव्हे.

जोड नेहमी ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच (मागच्या बाजूच्या खालच्या ओढपट्टीलाच) करावा. मागच्या आसाच्या पातळीवर किंवा त्याहून वर बांधल्यास ओढ लागताच ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते, आणि मागे उलटायला लागणारा वेळ चालकाला काही करता येण्याइतका नसतो. ड्रॉबार डावीकडे-उजवीकडे हलणारा असेल तर तो मधोमध पिनेने अडकवावा. दांड्याच्या टोकाला दोन कान असतील तर ड्रॉबारचा एक कान त्यांच्यामध्ये बसतो आणि पिनेला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. एकावर एक असे दोन सपाट कान ठेवून घातलेली पिन वाकते आणि उडते. पिनेच्या जागी आट्यांचा बोल्ट नको, कारण आटी झिजून भोक मोठे होते.

सुरक्षा साखळी ही पिनेला नव्हे तर ट्रॅक्टरच्या स्वतंत्र जागेला अडकवावी, कारण पिन निघाली तर तिच्याबरोबर साखळीही जाते. साखळीची क्षमता किमान गाड्याच्या एकूण वजनाइतकी असावी, आणि ढील वळण घेता येईल एवढीच ठेवावी.

ओळीचा_माणूस

रस्त्यावरच्या वेगाबद्दल कोणी सांगेल का? गाड्याला ब्रेक नाहीत, पण तो ट्रॅक्टरच्या मानाने हलका वाटतो.

कुरणवाट

हलका असला तरी ब्रेक लावताना तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो. पुस्तिकेतील कमाल वेग पाळावा. वेग २० वरून ३० किलोमीटर प्रतितास केला तर वेग दीडपट होतो, पण गतीची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि थांबण्याचे अंतर त्याच प्रमाणात वाढते. उतारावर न्यूट्रल करू नये. ज्या गिअरने चढ चढाल त्याच गिअरने उतरावे. संथ वाहनाचे नारिंगी त्रिकोणी चिन्ह आणि मागचे दिवे घडी घातलेल्या चाकांनी झाकले जात नाहीत ना, हे मागे जाऊन पाहावे. दातांची चाके जवळपास दीड मीटर व्यासाची असतात, घडी घातल्यावर ती उंच उभी राहतात आणि मागचे सर्व काही झाकून टाकतात.

त्याच उंचीमुळे विजेच्या तारा हा स्वतंत्र विषय आहे. बाहू उभे करण्याआधी वर पाहावे आणि तारांखाली घडी घालू नये. स्पर्श झालाच तर चालकाने आसनावरच बसून राहावे आणि इतरांना लांब ठेवावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच असेल तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जोडूनच लहान लहान सरकत दूर जावे. लांब पाऊल टाकल्यास दोन पायांखालच्या जमिनीत विजेच्या दाबाचा फरक असू शकतो आणि त्याचा झटका बसतो.

मळेकरी

शेतातील वापराबद्दल थोडे लिहितो. दातांची चाके टेकलेली असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. दात उलट दिशेने वाकतात. फार आखूड वळणावर आतल्या बाजूची चाके मागे ओढली जातात, त्यामुळे वळण्याआधी बाहू उचलावेत किंवा वळण मोठे घ्यावे. उतारावर आडवे चालताना वेग कमी ठेवावा, रोलबार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) उभा असावा आणि आसनाचा पट्टा बांधलेला असावा. स्प्रिंगचा ताण इतकाच असावा की चाक गवताला लागून फिरेल; जमिनीवर ओरखडे दिसत असतील तर दाब जास्त आहे, आणि तेव्हा दात दगडही उचलून गवतात टाकतात, जे पुढे बेलरमध्ये जातात. हा ताण बदलताना स्प्रिंगच्या रेषेत चेहरा ठेवू नये.

हबभोवती (चाकाच्या मध्याभोवती) गुंडाळलेले गवत इंजिन बंद करूनच काढावे. ते तसेच राहिले तर सीलमध्ये शिरते, बेअरिंग कोरडे पडते आणि तापते, आणि भोवती सुके गवत असताना तापलेले बेअरिंग हे आगीचे कारण ठरते. ट्रॅक्टरवर अग्निशामक असावा.

पाना_पक्कड

दातांबद्दल एक भर घालतो, कारण येथे सुरक्षितता माणसांची नसून जनावरांची आहे. बहुतेक चाकांवर ४० च्या आसपास दात असतात आणि एखादा तुटला तर ओळीत सहज हरवतो. तो तारेचा तुकडा चाऱ्यातून जनावराच्या दुसऱ्या पोटात जाऊन रुततो, पोटाची भिंत भेदतो आणि कधी कधी हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचतो. प्रत्येक दाताला रबराची किंवा प्लास्टिकची पकड बसवली तर तुटलेला दात चाकाबरोबरच लटकत राहतो. संध्याकाळी चाकांभोवती एक फेरी मारून रिकामी जागा दिसते का ते पाहावे, आणि दिसल्यास त्या दिवशी कोणत्या तुकड्यात काम केले हे लिहून ठेवावे, म्हणजे तेथील गवत वेगळे काढून तपासता येते.

ओळीचा_माणूस

पकडी आमच्या पेटीत आलेल्या आहेत, त्या ऐच्छिक समजून बाजूला ठेवल्या होत्या, आता बसवतो. शेवटचा प्रश्न : हंगाम संपल्यावर गाडा बाहू वर करून ठेवावा की खाली?

मळेकरी

खाली. जागा अपुरी असल्यामुळे उभा ठेवावाच लागला तर दोन्ही लॉकपिन घालून, नळ्यांमधील दाब सोडून, टायरांना पाचरी लावून ठेवावा. दांड्याखाली जॅकऐवजी ठोकळा द्यावा, कारण महिनोन्महिने भाराखाली राहिलेला जॅक गंजून बसतो. सिलिंडरचा दट्ट्या शक्य तितका आत असावा. बाहेर राहिलेल्या भागावर ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे गंजाचे खडे पुढच्या वर्षी सील कापणार नाहीत. आणि जवळपास मुले खेळत असतील तर दातांच्या चाकांना शिडी समजून ती चढतात, म्हणून गाडा कुंपणाच्या आत ठेवावा.